रुपेरी घरगाड्यांचा जीर्णोद्धार

अमेरिकेंतील मोठ्या रस्त्यांवर मोटारीच्या मागें जोडलेली एक रुपेरी, अंड्याच्या घाटाची गाडी कधीं कधीं दृष्टीस पडते. तिच्यांत निजावयाची सोय असते, चूल असते, पाण्याची टांकी असते; एंजिन मात्र नसतें. चाकांवरचें हें बिऱ्हाड मोटारीनें ओढावें, वाटेल तेथें उभें करावें आणि कंटाळा आला कीं पुन्हां हलवावें. अशा घरगाड्या तिकडे अनेक कारखान्यांनीं काढल्या आणि त्यांतील पुष्कळशा कांहीं वर्षांनीं मोडींत गेल्या. ॲल्युमिनियमच्या गाड्यांचें नशीब निराळें. पन्नास-साठ वर्षें शेताच्या कडेला गवतांत पडून राहिलेली गाडी कोणी तरी ओढून आणतो आणि वर्ष दोन वर्षें तिच्यापायीं खर्चीं घालतो. हें वेड कशामुळें लागतें, आणि इतक्या खटपटीनंतर त्या गाडींत जुनें असें नक्की काय उरतें, हा कारागिरीच्या इतिहासांतला एक मोठा मनोरंजक प्रश्न आहे.

या गाडीचें कूळ विमानाचें आहे. विल्यम हॉली बोलस हा कॅलिफोर्नियांतला ग्लायडर बांधणारा गृहस्थ. १९२७ सालीं चार्लस् लिंडबर्गनें ज्या विमानांतून एकट्यानें अटलांटिक महासागर ओलांडला, तें सॅन डिएगो येथील रायन कारखान्यांत तयार झालें. त्या बांधणीवर देखरेख बोलसची होती. १९३४ सालीं त्यानें मोटारीमागें लावावयाची एक गाडी काढली व तिला ‘रोड चीफ’ असें नांव दिलें. त्या वेळचे इतर घरगाडीवाले खरें पाहतां सुतारच; ते लांकडी चौकटीवर फळ्या नाहीं तर पुठ्ठे ठोकीत. बोलसनें विमानाची रीत उचलली. ड्युरॅल्युमिनच्या हलक्या फासळ्या, त्यांवर तसलाच पातळ पत्रा, आणि हजारों रिव्हेट मारून दोहोंचा केलेला एकजीव. ड्युरॅल्युमिन म्हणजे थोडें तांबें मिसळलेलें ॲल्युमिनियम. आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तें शोधून काढलें. अशा बांधणींत कातडें हेंच हाडाचेंहि काम करतें. दार मात्र बोलसनें पुढच्या टोकास, जोडदांड्याच्या वर ठेवलें होतें; आंत शिरणाऱ्यास तो दांडा चुकवावा लागे. जगांत मंदीचे दिवस होते. शंभर गाड्याहि पुऱ्या झाल्या नाहींत तोंच, १९३६ सालीं, धंदा बसला.

बोलसच्या गाड्या विकणाऱ्यांत वॉली बायम नांवाचा एक उद्योगी मनुष्य होता. त्याच सालीं त्यानें तीच बांधणी घेतली, दार बाजूस नेलें आणि ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ ही गाडी बाजारांत आणली. किंमत १,२०० डॉलर. त्या पैशांत तेव्हां दोन साध्या मोटारी येत. पुढें महायुद्ध आलें, ॲल्युमिनियम विमानांकडे वळलें, आणि १९४२ सालीं कारखाना बंद झाला. बायम विमानांच्या कारखान्यांत कामास लागला. १९४८ सालापासून एअरस्ट्रीम गाड्या पुन्हां निघूं लागल्या, आणि १९५२ सालीं ओहायोंतील जॅक्सन सेंटर या लहानशा गांवीं दुसरा कारखाना उघडला. बायम १९६२ सालीं वारला. ओहायोंतला कारखाना अद्याप चालू आहे.

त्याच्या मागें सात वर्षांनीं यांतल्या कांहीं गाड्यांच्या वांट्यास अगदीं अपूर्व काम आलें. चंद्रावरून परतलेल्या माणसांबरोबर एखादा अज्ञात जंतु येईल या भीतीनें त्यांना कांहीं दिवस वेगळें ठेवावयाचें होतें. त्यासाठीं एअरस्ट्रीमच्या सांट्यावरून चार बिनचाकी खोल्या तयार केल्या होत्या. १९६९ च्या जुलैंत अपोलो ११ चे तिघे वीर ‘हॉर्नेट’ या जहाजावर अशाच खोलींत शिरले. अपोलो १२ ची खोली पुढें कोठें गेली याचा पत्ताच राहिला नव्हता. २००७ सालीं ती अलाबामांतील एका सरकारी मत्स्यपैदास केंद्रांत सांपडली.

सांपडण्यापेक्षां अवघड काम म्हणजे रोग ओळखणें. ॲल्युमिनियम गंजत नाहीं अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि या गाड्या विकत घेणारे पुष्कळ जण तिच्यावरच विसंबतात. परंतु गाडी नुसती ॲल्युमिनियमची नसते. खालीं पोलादी सांगाडा, त्यावर प्लायवुडची जमीन, आणि त्या जमिनीच्या कडेवर ॲल्युमिनियमचें कवच. तिन्ही एकाच बोल्टानें आवळलेलीं. खिडकीच्या किंवा दिव्याच्या फटींतून शिरलेलें पाणी दुहेरी पत्र्यांच्या पोकळींतून ओघळतें आणि नेमकें त्या कडेवर थांबतें. लांकूड कुजतें. ओलाव्यांत पोलाद व ॲल्युमिनियम एकमेकांस टेकलीं कीं त्यांची जणूं विजेची घटमाला होते, आणि तींत झीज ॲल्युमिनियमची होते. बाहेरून गाडी लखलखीत असते. मागल्या अंगास कवच आणि सांगाडा यांची फारकत मात्र झालेली असते. जाणते लोक याची परीक्षा फार साध्या रीतीनें घेतात. मागच्या बंपरवर उभें राहून दोन उड्या मारावयाच्या. बंपर खालीं गेला आणि वरचें कवच जागच्या जागीं राहिलें, तर विक्रेत्याचें पुढचें बोलणें ऐकण्याची गरज नाहीं.

अशा गाडीला वरवरची मलमपट्टी चालत नाहीं. कपाटें काढावयाची, काढतांना प्रत्येकाचें माप लिहून ठेवावयाचें, आंतल्या पत्र्याचे रिव्हेट ड्रिलनें कापावयाचे आणि पोकळींतली कांचतंतूंची जुनी गादी बाहेर ओढावयाची. तिच्यांत उंदरांच्या कित्येक पिढ्यांचीं घरटीं निघतात. मग आंतून लांकडी आधार देऊन सबंध कवच वर उचलतात आणि त्याच्या खालून सांगाडा सरकवून बाहेर काढतात. जीर्णोद्धार या शब्दांतील उद्धाराचा मूळ अर्थ वर उचलणें असा आहे; येथें तो अक्षरशः घडतो. कुजलेली जमीन फेंकून देण्याची घाई मात्र करूं नये. दोन्ही टोकांची गोलाई तिच्यावरच उमटलेली असते, आणि नवी जमीन तिच्यावरूनच आंखावी लागते. सांगाडा घासून, डागून, रंगवून झाला कीं जेथें दोन धातु भेटतात तेथें मध्यें रंगाचा किंवा चिकटपट्टीचा पडदा ठेवतात. मूळ कारखान्यांनीं या पडद्याची पुरेशी काळजी घेतली नव्हती, असें गाड्यांची आजची दशा पाहून म्हणावें लागतें.

टोकांचें काम सर्वांत नाजूक. त्यांची गोलाई एका पत्र्याची नसून पाकळ्यांची असते; जुन्या कांहीं गाड्यांच्या एकेका टोकास तेरा पाकळ्या आहेत. एक पाकळी बदलावयाची झाली तर शेजारच्या दोहोंना धक्का लागतां कामा नये. रिव्हेट मारण्यास दोघे लागतात. बाहेरचा वाऱ्याच्या दाबाचा हातोडा चालवतो, आंतला लोखंडी ठोकळा दाबून धरतो, आणि दोघांमध्यें पत्रा असल्यामुळें कोणास कोणी दिसत नाहीं. सारें आवाजावर चालतें. ठोकळा क्षणभर ढळला तर पत्र्यावर कायमची खोंक पडते.

राहतां राहिली झिलई, आणि खरा वाद तिच्याविषयींच आहे. पत्रा एका मिलिमीटराहूनहि पातळ असतो. त्याच्या पोटांतला तांबेमिश्रित धातु कणखर, पण दमट हवेंत लवकर बिघडणारा. म्हणून दोन्ही अंगांस शुद्ध ॲल्युमिनियमचा थर लाटून बसवलेला असतो. एका बाजूचा थर एकंदर जाडीच्या सुमारें विसाव्या हिश्शाएवढा. पितळी पातेल्यास आंतून कल्हई असते, तशांतलाच हा प्रकार; परंतु कल्हई उडाली तर पुन्हां करून घेतां येते, हा थर गेला तर गेला. शिवाय १९६० नंतरच्या दशकांत कारखाना या गाड्यांवर पारदर्शक लेप देऊं लागला होता. आज हौशी मालक तो लेप औषधानें उतरवतात आणि शंभर-शंभर तास यंत्र फिरवून आरशासारखी चकाकी आणतात. तसली चकाकी या गाड्यांना कारखान्यांतून निघतांना नव्हती. तेव्हां या कामास जीर्णोद्धार म्हणणें कठीण आहे. तो शृंगार झाला. खालचा सांगाडा सांधणाऱ्याचें काम कोणास दिसत नाहीं, पण गाडी वांचवतो तोच.

उघड्या हवेंत ही चकाकी हळूहळू मंदावूं लागते, आणि मालक पुन्हां यंत्र हातीं घेतो. लोकरीच्या गादीवर काळी शाई उतरूं लागते. पाहणाऱ्यास तो वर्षानुवर्षांचा मळ वाटतो. वस्तुतः तो त्या पातळ थराचाच कीस असतो.