छेद गेले कुठे?

मोबाईलवर ‘अपूर्णांकांची समीकरणे’ असे शोधले की मिनिटभराच्या व्हिडिओंची रांग लागते. फळ्यावर लिहिलेले असते : क्ष/३ + क्ष/४ = १४. सर सांगतात, दोन्ही बाजूंना १२ ने गुणा, छेद उडाले. ४क्ष + ३क्ष = १६८, म्हणजे ७क्ष = १६८, म्हणून क्ष = २४. व्हिडिओ संपतो, पुढचा सुरू होतो. आठवीतल्या मुलाला उत्तर मिळते, पण त्याच्या मनात प्रश्न राहतो. छेद उडाले म्हणजे गेले कुठे?

हा प्रश्न ज्या ग्रंथाने बाराशे वर्षांपूर्वी नीट हाताळला, त्याच्याच नावावरून जगाने या विषयाला ‘अल्जेब्रा’ म्हटले. मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी हा बगदादचा विद्वान. अब्बासी खलिफा अल-मामूनच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स. ८१३ ते ८३३ च्या दरम्यान, त्याने ‘अल-जब्र वल-मुकाबला’ या विषयावरचा आपला ग्रंथ लिहिला. जब्र म्हणजे मोडलेले जोडणे, उणे झालेले भरून काढणे. स्पॅनिश भाषेत हाडे बसवणाऱ्यालाही पूर्वी ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत, ते याच शब्दामुळे.

आपल्याकडे या ग्रंथाचा अभिमानाने उल्लेख होतो, पण आत काय आहे याची चर्चा क्वचित होते. त्यात क्ष नाही, अधिक-उण्याची चिन्हे नाहीत, बरोबरची खूण नाही. सगळे गणित शब्दांत आहे. अज्ञात संख्येला तो ‘शय’, म्हणजे वस्तू, म्हणतो. ‘कोणी तुम्हाला विचारले की...’ अशी उदाहरणाची सुरुवात होते आणि मग एकेक पायरी बोलून दाखवावी तशी येते. एक उदाहरण, एक रीत, एक उत्तर. आजच्या छोट्या व्हिडिओचा साचाही जवळपास हाच आहे. फरक एवढाच की वर्गसमीकरणाची रीत सांगून झाल्यावर ख्वारिझ्मी चौरसाची आकृती काढतो आणि ती रीत खरी का, हेही दाखवतो.

ग्रंथ कशासाठी लिहिला तेही त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे. वारसा, मृत्युपत्र, वाटणी, दावे, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खणणे, या रोजच्या कामांत लोकांना लागणारे सोपे गणित त्याला द्यायचे होते. ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग मृत्युपत्रे आणि वारशाच्या उदाहरणांनी भरला आहे. कुरआनच्या सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से अपूर्णांकांत सांगितले आहेत : अर्धा, पाव, अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश आणि षष्ठांश. त्यात वारस नसलेल्या कोणाला काही द्यायचे ठरले की हिशेब गुंतायचा. बीजगणित इथे कामाला आले.

त्याचे एक उदाहरण पाहू. एक स्त्री मरण पावली. मागे पती, एक मुलगा आणि तीन मुली. तिने मालमत्तेचा एक अष्टमांश आणि एक सप्तमांश एका परक्या माणसाला देण्याची वसीयत केली आहे. आता वाटणी कशी करायची?

आधी वारसांचे बघू. मुले असल्यामुळे पतीला पाव हिस्सा. उरलेल्या पाऊण हिश्शात मुलाला दोन वाटे आणि प्रत्येक मुलीला एक, म्हणजे पाच वाटे. चौथाई आणि पाच वाटे दोन्ही पूर्ण संख्येत बसायचे तर वारसांचे २० भाग करावे लागतात : पतीला ५, मुलाला ६, तिन्ही मुलींना प्रत्येकी ३.

पण हे २० भाग वसीयत वजा जाऊन उरलेल्या मालाचे आहेत. १/८ + १/७ म्हणजे १५/५६. उरले ४१/५६. मूळ मालमत्ता किती धरली म्हणजे सगळे पूर्ण संख्येत येईल? ख्वारिझ्मी २० ला ४१ ने गुणतो, ८२० येतात. मग त्यातच ८२० चे १५/४१, म्हणजे ३००, मिळवून तुटलेला माल ‘पूर्ण’ करतो. एकूण ११२०. त्याचा सप्तमांश १६०, अष्टमांश १४०, असे परक्याला ३००. वारसांसाठी राहिले ८२० : पतीला २०५, मुलाला २४६ आणि प्रत्येक मुलीला १२३.

आजच्या लिपीत हेच क्ष − क्ष/८ − क्ष/७ = ८२० असे होते. ५६ ने गुणले की ४१क्ष = ४५९२०, म्हणून क्ष = ११२०. म्हणजे छेद कुठेही उडालेले नाहीत. आपण मोजण्याचा वाटा बारीक केला, इतका की प्रत्येकाचा हिस्सा पूर्ण संख्येत मोजता यावा. सुरुवातीच्या क्ष/३ आणि क्ष/४ चेही तसेच. दोघांनाही बाराव्या भागांत मोजले की एक ४ भागांचा, दुसरा ३ भागांचा. व्हिडिओतल्या त्या ‘उडाले’ शब्दामागे एवढे सगळे दडलेले असते.

हे ज्ञान एकट्या बगदादचे मात्र नव्हते. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच शून्य, ऋण संख्या आणि समीकरणांचे नियम लिहिले होते. ख्वारिझ्मीने हिंदी अंकांवर वेगळा ग्रंथ लिहिला; त्याच्या नावाचे लॅटिन रूप म्हणजे आजचा ‘अल्गोरिदम’. अंश वर आणि छेद खाली लिहिण्याची पद्धत भारतीय, पण मधली रेघ बाराव्या शतकात मगरिबच्या अल-हस्सारच्या लेखनात दिसते आणि १२०२ मध्ये फिबोनाचीच्या ग्रंथातून युरोपात पोहोचते. याच काळात आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. त्यांच्या ‘लीलावती’चा फार्सी अनुवाद अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये केला, तर ‘बीजगणिता’चा शाहजहानच्या काळात अताउल्लाह रुश्दीने.

म्हणून ‘बीजगणित आम्हीच शोधले’ ही दोन्ही बाजूंची आरोळी इतिहासाला मान्य नाही. क्ष हे अक्षर अरबी ‘शय’वरून आले, ही व्हिडिओंतून फिरणारी गोष्टही तशीच. तिला कागदोपत्री आधार नाही. क्ष, य वापरण्याची रीत देकार्तने १६३७ च्या ग्रंथात रूढ केली.

छोट्या व्हिडिओंचा इतिहास त्यामानाने कालचा. सलमान खान हा बंगाली कुटुंबातला अमेरिकन तरुण २००४ मध्ये दुसऱ्या शहरात राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला फोनवरून गणित शिकवू लागला. तिचे अडले होते एककांच्या रूपांतरात, म्हणजे शेवटी अपूर्णांकांतच. २००६ पासून तो यूट्यूबवर धडे टाकू लागला, २००८ मध्ये खान अकादमी उभी राहिली. तेव्हा दहा मिनिटांची मर्यादा होती. २०२० मध्ये भारतात शॉर्ट्स आले तेव्हा ती सुरुवातीला पंधरा सेकंदांची होती. दहा मिनिटांत ‘का’ला जागा होती. पंधरा सेकंदांत फक्त ‘कसे’ मावते.

तरीही मी या व्हिडिओंच्या विरोधात नाही. ज्या घरात शिकवणी परवडत नाही, तिथे मोबाईलवरचा मास्तर मोठा आधार आहे. मुलगी तो धडा दहा वेळा मागे नेऊन पाहू शकते, कोणी रागावत नाही. मागणी इतकीच की त्या मिनिटात छेदाचे काय झाले, हे एका वाक्यात तरी सांगावे.

कारण हे गणित परीक्षेपुरते नाही. आपल्या घरांत वाटणीची वेळ आली की बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. ‘तिच्या लग्नात खर्च झालाच की’ असे म्हटले जाते, आणि ती सही करते. मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, यावर वाद करणारे पुष्कळ. तो एक वाटाही तिच्या हाती पडतो का, हे विचारणारे थोडे. फराइजचा हिशेब मौलानांनाच कळतो, ही समजूत इथे भावांच्या सोयीची ठरते.

ख्वारिझ्मीच्या उदाहरणातली प्रत्येक मुलगी ११२० पैकी १२३ भागांची मालकीण होती आणि ते आकडे त्याने कोणालाही पडताळता येतील असे मांडले. आठवीतल्या मुलीला क्ष/८ आणि क्ष/७ चा छेद समान करता आला, तर उद्या कागदावर सही करण्याआधी ती स्वतःचा वाटा स्वतः मोजू शकेल. असा एक व्हिडिओ मराठीत, आपल्या घरातल्या उदाहरणासह, कोणीतरी करायला हवा.