इंदूरचा राजवाडा : पाषाण, काष्ठ आणि अग्नी

इंदुरातील खजुरी बाजाराच्या तोंडाशी चौकाकडे मुख करून उभा असलेला होळकरांचा राजवाडा दुरून पाहणाऱ्यास एखाद्या उंच वेशीसारखा भासतो. सात मजल्यांचे ते प्रवेशद्वार हेच त्याचे खरे वैभव होय. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. तळाशी लोखंडी खिळ्यांनी जडविलेले अजस्र दार. वर गवाक्षे व सज्जे यांच्या ओळी. मराठी वाड्याची ठेवण, मोगली कमानी व राजपुती गवाक्षे यांची येथे सरमिसळ झाली आहे; तथापि आतील चौक, सोपे व तुळया पाहून देशावरच्या माणसास आपल्याच घरी आल्यासारखे वाटते.

पाषाण व काष्ठ यांची ही विभागणी केवळ शोभेसाठी नव्हे. पायाशी ओल, वर्दळ आणि शत्रूचा मारा यांना दगडच पुरा पडतो. उंची वाढू लागली की भार हलका करावा लागतो, आणि त्या काळी तेथे लाकडासारखे साधन नव्हते. मात्र ज्या काष्ठाने वाडा उंच केला त्यानेच अग्नीलाही जागा दिली.

यशवंतराव होळकरांनी उज्जयिनी लुटली, त्याचा सूड म्हणून 1801 साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेने सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली इंदूर लुटले, वाडा जळाला. मराठ्यांचा वाडा मराठ्यांनीच जाळावा, याचा विषाद आजही वाटल्यावाचून राहत नाही. 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आली आणि दुसऱ्या मल्हाररावांच्या कारकीर्दीत, तात्या जोगांच्या कारभारात, तो पुन्हा उभा राहिला. 1908 मध्ये पुन्हा आग लागली. तिसरी आग 1984 च्या दंगलीतील. तीत मागील बाजू भस्मसात झाली. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड, म्हणजे आपला खंडोबा, त्याचे मंदिरही त्या बाजूसच.

पुढचे सातमजली दार उभे आणि मागे राख, अशी अवस्था वीस वर्षांहून अधिक काळ राहिली. सिमेंटने काम कदाचित लवकर उरकले असते. परंतु उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने 2006-07 च्या सुमारास ते विटा, चुना व लाकूड यांनीच, समोरच्या बाजूस साजेल असे करण्यात आले. आता मल्हारी मार्तंड पुन्हा आपल्या जुन्या जागी आहेत.