वॉटसन हॉटेलची एक थप्पड

चर्चगेटहून काळ्या घोड्याकडे पायी जाताना आपल्यापैकी कित्येकांनी एस्प्लनेड मॅन्शन ही जीर्ण इमारत पाहिली असेल. सेमिनरीत असताना आम्हीही तिच्याखालून अनेकदा गेलो. वकिलांच्या पाट्यांपलीकडे तेथे पाहण्याजोगे काही असेल असे कधी वाटले नाही. हेच एके काळचे वॉटसन हॉटेल.

कापडाचे व्यापारी जॉन वॉटसन यांनी ते १८६०च्या दशकात बांधावयास घेतले. रोलंड ऑर्डिश या अभियंत्याने आराखडा केला. लोखंडी खांब व तुळया इंग्लंडात तयार करून जहाजाने येथे आणल्या आणि जागेवर जोडल्या. १८७१ साली हॉटेल सुरू झाले. सुमारे १३० खोल्या, आणि प्रवेश केवळ युरोपियनांना.

जमशेटजी टाटांना या दारातून परत पाठविले म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा वाचकांनी ऐकली असेलच. ताज १९०३ साली उघडले हे खरे. अपमानाच्या कथेला मात्र भक्कम पुरावा नाही व अनेक अभ्यासक ती मानीत नाहीत. आमच्या मते या वास्तूत घडलेला खरा अपमान निराळाच आहे आणि तो लिहून ठेवलेला आहे.

१८९६च्या जानेवारीत अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे उतरले. सामान लावण्यासाठी हॉटेलचा एक धिप्पाड जर्मन तीन देशी नोकरांसह खोलीत आला. व्हरांड्याच्या दाराशी एक नोकर गुडघे टेकून काम करू लागला. ते जर्मनाच्या मनासारखे होत नसावे. चूक काय हे न सांगताच त्याने नोकराच्या जबड्यावर थप्पड मारली. नोकराने ती निमूटपणे सोसली. ट्वेन यांना आपले बालपण आठवले: गुलामांना असेच मारले जाई, आणि एका गोऱ्याने क्षुल्लक चुकीसाठी गुलामाला लोहखनिजाचा गोळा फेकून ठार केलेले त्यांनी दहाव्या वर्षी पाहिले होते. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्यांनी हे सारे नमूद केले. नोकराचे नाव तेवढे त्यात नाही.

त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे भारतात प्रथम येथेच दाखविली गेली. आठवड्याभरात ते खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेले आणि देशी प्रेक्षकांना खुले झाले.

पुढे ताजच्या वैभवापुढे वॉटसन मागे पडले. हॉटेल बंद झाले, खोल्यांची कचेऱ्यांत विभागणी झाली. २००५ साली इमारतीचा काही भाग कोसळला. २०१९ साली, धोकादायक ठरल्याने, शेवटच्या भाडेकरूंनाही बाहेर पडावे लागले.