साचा आणि बाकी

कारखाना, कारागीर, उस्ताद, वसुली, बाकी. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीने कधीच आपलेसे केले. त्यांतला शेवटचा शब्द लहान कारखानदाराच्या जिवावर उठतो.

बोईसर-तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आणि एमआयडीसी आठवते. पण याच टापूत, चिंचणी परिसरात, घराघरांतून डाय बनवण्याचे काम चालत आले आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी कोरायची, मग त्याला पाणी द्यायचे. सोनार त्यावर पत्रा दाबून दागिन्याचा आकार उठवतो. म्हणजे या कारागिराचे नशीब सोन्याच्या बाजाराशी बांधलेले.

तो बाजार किती बेभरवशाचा! जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटवरचे दागिने घडवण्यास बंदी घातली आणि देशभरचे सोनार देशोधडीला लागले. १९६६ साली ही अट सैल झाली, पण नियंत्रणाचा कायदा जायला १९९० उजाडले. २०१६ च्या मार्चमध्ये अबकारी कराविरुद्ध सराफांनी दुकाने बंद ठेवली, त्याच वर्षी नोटबंदी आली. आता संगणकावर चालणारे यंत्र तीच नक्षी कोरते.

अशा फटक्यांत घरचा कारखाना तग धरतो, कारण जागेचे भाडे नाही, कर्जाचा हप्ता नाही. अर्थशास्त्री याला लवचिकता म्हणतात. मला विचाराल तर तोटा नाहीसा होत नाही. तो कारागिराच्या डोळ्यांत आणि घरच्यांच्या पोटात जिरतो.

औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्याला ही सोय नाही. हप्ता, वीजबिल, सांडपाण्याचा खर्च दरमहा उभाच. हातात ऑर्डर असूनही गाळा बंद पडतो, कारण बिल अडकलेले असते. २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची कमाल मुदत घातली, उशिरावर बँकदराच्या तिप्पट व्याज लावले. पण गिऱ्हाइकावर तक्रार करून पुढची ऑर्डर कोण घालवणार? १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला आयकराचा नियम म्हणून अधिक कामाचा: मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे चुकते करीपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. इथे तक्रारीची गरजच नाही.

मात्र त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी, बिल हवे. नोंदणीला पैसे पडत नाहीत. ज्याचा सारा हिशेब तोंडी, तो डाय कोरणारा उस्ताद आजही या कायद्याच्या उंबरठ्याबाहेर बसला आहे.