बासाहा, म्हणजे वाच

सेबुआनो भाषेच्या कोशात शब्द शोधायचा तर आधी तो सोलावा लागतो. जॉन वुल्फ यांचा १९७२ सालचा दोन खंडांचा कोश धातूंप्रमाणे लावलेला आहे. त्यामुळे शब्दाच्या मागे-पुढे चिकटलेलं सगळं काढायचं, आतला गाभा हाती आला की मग पान उघडायचं. ‘बासाहा’ हा शब्द मी असाच सोलत होतो. शेवटचं ‘हा’ आज्ञेचं. ते काढलं, ‘बासा’ उरला. अर्थ दिला होता, वाचणे.

फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर आणि त्याच्या आसपास सुमारे २ कोटी लोक ही भाषा बोलतात. त्यांचा ‘बासा’ आणि आपला ‘वाच’ एकाच घरचे आहेत, हे त्या क्षणी मनात आलं आणि मग मनातून गेलंच नाही. या क्रियेला हिंदीत ‘पढ़ना’ म्हणतात, बंगालीतही ‘पठ्’चाच वंश. ‘वच्’ धातूपासून निघालेला शब्द आपल्याकडे आणि गुजरातीत रुळला. आणि तोच समुद्रापलीकडे सेबूत भेटावा!

पण घाई नको. आधी त्यांनी या धातूचं काय काय केलं ते बघू. ‘मोबासा’ म्हणजे वाचणार. ‘मिबासा’ म्हणजे वाचलं. ‘नागबासा’ म्हणजे वाचत आहे किंवा वाचत होता. ‘गिबासा’ म्हटलं की लक्ष वाचणाऱ्यावरून उठून वाचलेल्या वस्तूवर जातं. ‘पागबासा’ म्हणजे वाचन आणि ‘बासाहोन’ म्हणजे वाचायची गोष्ट, वाचनाचं साहित्य. मला सर्वांत आवडली ती आज्ञार्थाची जोडी. ‘बासाहा’ म्हणजे ‘हे वाच’, आणि ‘बासाही’ म्हणजे ‘त्याला वाचून दाखव’. आपल्याला त्यासाठी ‘वाचून दाखव’ अशी दोन क्रियापदं जोडावी लागतात. तिथे एका स्वरानं काम होतं.

‘बासाहा’, ‘बासाहोन’ यांत मधेच उगवणारा ‘ह’ कुठून आला? काही दिवस मला तोच मोठा पुरावा वाटत होता. वाटे, मूळ शब्द ‘भाषा’ असावा आणि ‘भ’मधला महाप्राण सरकत सरकत शब्दाच्या टोकाला गेला असावा. पण हा ‘ह’ तिथे सगळीकडेच येतो. स्वरान्त धातूला स्वरानं सुरू होणारा प्रत्यय लागला की सेबुआनो मधे ‘ह’ घालते. स्पॅनिश ‘हिस्तोरिया’वरून घेतलेल्या ‘इस्तोर्या’चा, म्हणजे गप्पांचा, ‘इस्तोर्याहा’ होतो, तिथे संस्कृतचा काय संबंध? तेव्हा ‘ह’ साक्षीदार म्हणून बाद.

‘भाषा’चा दावा मात्र एवढ्यानं मोडत नाही. जावातल्या भाषेत ‘बासा’ असा शब्द खरोखरच आहे, त्याचा अर्थ भाषा, आणि तो आपल्या ‘भाषा’वरूनच गेलेला आहे. सेबूचा ‘बासा’ त्याचाच भाऊ मानायला काय हरकत आहे?

हरकत अशी. जावात ‘बासा’च्या शेजारी ‘वाचा’ हा वेगळा धातू आहे. त्याचा अर्थ वाचणे आणि तो वापरतात ‘माचा’ या रूपात. मलयमध्येही ‘बहासा’ म्हणजे भाषा आणि ‘बाचा’ म्हणजे वाचणे, असे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. दोन्ही घरांत दोन शब्द दोन अर्थ सांभाळून असताना सेबूत मात्र भाषेच्या शब्दानं उठून वाचनाचं काम हाती घेतलं, हे मानायला काहीतरी जबर कारण हवं. मला ते दिसत नाही. संस्कृत ‘वाच्’, त्यावरून मलय ‘बाचा’, त्यावरून ‘बासा’, हा रस्ता सरळ आहे. संस्कृत ‘व’चा मलयमध्ये ‘ब’ होतो. ‘वंश’चा ‘बांग्सा’ झाला, तोच फिलिपिन्समधल्या ‘बांग्सामोरो’ या नावात आजही दिसतो.

राहिला ‘च’. त्याचा ‘स’ होतो याचा पुरावा सेबूच्या स्वयंपाकघरात आहे. तिथे व्हिनेगरला ‘सुका’ म्हणतात. मलयमध्ये ‘चुका’, संस्कृतात ‘चुक्र’, म्हणजे आंबट. आपण ज्याची भाजी डाळ-दाणे घालून करतो तो आंबट चुका याच कुळातला! सेबूचा सुका ताडामाडाच्या ताडीपासून, ‘तुबा’पासून, आंबवून करतात. गोव्यातला माडाचा शिर्को आठवावा. सेबूच्या या सुक्यात सुरमईच्या जातीच्या माशाचे कच्चे चौकोनी तुकडे, आलं, कांदा, मिरची घालून मुरवलं की ‘किनिलाव’ तयार. मासा चुलीवर चढतच नाही, आंबटानंच पांढरा पडतो. शब्दही पाहण्यासारखा आहे. धातू ‘किलाव’, कच्चं खाणं, आणि त्याच्या पोटात ‘इन’ हा प्रत्यय खुपसलेला. ‘बिसाया’च्या पोटात तोच ‘इन’ घातला की ‘बिनिसाया’ होतं, म्हणजे बिसायांची बोली. सेबूचे लोक आपल्या भाषेला हेच म्हणतात.

‘च’चा ‘स’ होण्याचं आणखी एक उदाहरण शेजारच्या टागालोगमध्ये आहे. संस्कृत ‘चरित’, मलय ‘चेरिता’ म्हणजे गोष्ट, आणि टागालोग ‘सालिता’ म्हणजे शब्द, बोलणं.

आता उलट तपासणी. ‘भ’ची वाट कोणती? मलयमध्ये तो बहुधा फुटून ‘बह’ होतो. ‘भय’चा ‘बहाया’, ‘भार’चा ‘बहारा’, ‘भाषा’चा ‘बहासा’. सेबुआनोत धनदौलतीला ‘बाहांदी’ म्हणतात. ते ‘भाण्ड’, आपल्या भांड्याचं, भांडाराचं आणि भांडवलाचं मूळ. म्हणजे ‘भा’ सेबूला पोचला तेव्हा ‘बाहा’ होऊन पोचला. ‘भाषा’ तिथे गेली असती तर ‘बाहासा’ झाली असती. ‘भूमी’ची मलयमध्ये ‘बूमी’ झाली, तिथे ‘ह’ उरला नाही, हे मला ठाऊक आहे. नियम पोलादी नाही. तरीही पारडं ‘वाच्’कडेच झुकतं, असं मी ठामपणे म्हणेन.

टागालोगमधल्या संस्कृत शब्दांवर पार्दो दे तावेरा यांचं पुस्तक १८८७ मध्ये पॅरिसला निघालं, तेव्हापासून विद्वान या वाटेनं चालले आहेत. पण शब्द नेला कोणी? व्यापाऱ्यांनी, असं उत्तर नेहमी मिळतं. वजनंमापं, तांबं, व्हिनेगर त्यांनी नेलं असेल. वाचन त्यांनी नेलं नसावं, असा माझा अंदाज आहे. ‘वाचयति’ म्हणजे मुळात ‘बोलायला लावतो’. अक्षरांना बोलतं करणं, पोथी मोठ्यानं म्हणणं, हा त्याचा जुना अर्थ. मलयमध्ये आजही प्रार्थना म्हणण्याला ‘बाचा’च वापरतात. हा शब्द पठण करणाऱ्यांच्या तोंडून गेला असणार. फिलिपिन्समधल्याच लुझॉन बेटावर १९८९ साली उजेडात आलेल्या लागुनाच्या ताम्रपटावर शके ८२२ चा वैशाख कोरलेला आहे, म्हणजे इ.स. ९००. आपल्या पंचांगातला शक तिकडे तारीख घालायला वापरत, तिथे पोथी म्हणणारा कोणी असणं अशक्य नाही.

लिहिण्याचा शब्द मात्र त्यांनी कोणाकडून घेतला नाही. ‘सुलात’ म्हणजे लिहिणं. अरबी ‘सूरा’शी त्याचं नातं जोडणारे आहेत, पण पूर्वज-भाषेत त्याचं रूप ‘सुरात’सारखं, ओरखडा किंवा खूण अशा अर्थाचं मांडतात, आणि मला तेच पटतं. खूण करणं त्यांचं स्वतःचं, तिला बोलतं करण्याचा शब्द दुरून आलेला. साक्षर माणसाबद्दल सेबूत म्हणतात, ‘माकाबासा उग माकासुलात’. ‘माका’ म्हणजे जमणं, ‘उग’ म्हणजे आणि. वाचता येतं आणि लिहिता येतं.