पक्षाघातानंतरचा वाचनलोप आणि दूरस्थ उपचार

पक्षाघातातून सावरलेली व्यक्ती नीट बोलते, स्वतःच्या हाताने चिठ्ठीही लिहिते. मात्र तीच चिठ्ठी थोड्या वेळाने तिला वाचता येत नाही. घरच्यांना हा चष्म्याचा दोष वाटतो, किंवा बुद्धिभ्रंशाची शंका येते. वस्तुतः हा जुना, परिचित विकार आहे. फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ ज्यूल देजेरिन यांनी १८९२ मध्ये अशा रुग्णाचे सविस्तर वर्णन केले. मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूच्या डाव्या अर्धगोलातील दृष्टीशी संबंधित मागील भाग, तसेच दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्याचा मागचा अंश बाधित आढळला. उजव्या अर्धगोलाला अक्षर दिसते, पण ते डावीकडील भाषाकेंद्रापर्यंत पोहोचत नाही. असा रुग्ण एकेक अक्षर जुळवत शब्दापर्यंत जातो. अक्षरावरून बोट फिरवले की ते पुष्कळदा ओळखू येते.

दुसऱ्या प्रकारात अक्षरज्ञान शाबूत असते, परंतु दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग नाहीसा होतो. उजवी बाजू गेली तर पुढचा शब्द दिसत नाही आणि नजर अडखळते. डावी बाजू गेली तर ओळीचा आरंभ सापडत नाही. देवनागरी, कन्नड आणि रोमन या तिन्ही लिपी डावीकडून उजवीकडे जात असल्याने उजवी बाजू गमावणे अधिक जाचक ठरते. उर्दू वाचणाऱ्याची अडचण नेमकी उलट. वाचाघातासोबत येणारा वाचनलोप हा तिसरा प्रकार. त्यावर वाक्-उपचारतज्ज्ञ भाषेच्या अन्य उपचारांबरोबरच काम करतात.

उजव्या बाजूच्या दृष्टिलोपासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ‘रीड-राइट’ हा इंटरनेटवरील सराव तयार केला. वृत्तवाहिनीच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीप्रमाणे मजकूर उजवीकडून डावीकडे जातो. त्याचा पाठलाग करताना डोळे आपोआप पुन्हा उजवीकडे झेपावतात. वाचनाला हवी असलेली हीच हालचाल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ रुग्णांच्या अभ्यासात वाचनाचा वेग ५ तासांच्या सरावानंतर सुमारे १० टक्के, तर २० तासांनंतर सुमारे ४६ टक्के वाढलेला आढळला. गेलेली दृष्टी मात्र याने परत येत नाही, हे रुग्णाला आरंभीच सांगितलेले बरे. याच संस्थेच्या ‘आयरीडमोअर’ या दुसऱ्या साधनात शब्द, त्याचा उच्चार आणि चित्र एकत्र दाखवून शब्दओळखीचा सराव दिला जातो.

दोन्ही साधने इंग्रजीसाठी घडवलेली आहेत, आणि मराठी वाचकाचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. आपली ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते नंतर. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. तेव्हा इंग्रजी शब्दयाद्यांचे भाषांतर पुरणार नाही. सरकत्या मजकुराचे तत्त्व मात्र देवनागरीलाही लागू पडावे. तोवर व्हिडिओ कॉलवरून वाक्-उपचारतज्ज्ञाने रुग्णाच्या आवडीचा मराठी मजकूर, मोठ्या टंकात, त्याच्यासमोर ठेवणे हा व्यवहार्य मार्ग होय. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत दूरस्थ सेवेची सोय आहे.

पहिली तपासणी मात्र प्रत्यक्षच व्हावी. दृष्टिक्षेत्र यंत्रावर मोजल्याखेरीज कोणता सराव द्यायचा हे ठरत नाही. डावी बाजू गेलेल्याला उजव्या बाजूचा सराव दिल्यास केवळ वेळ जातो. दृष्टिक्षेत्र उणे असेल तर डॉक्टरांच्या परवानगीविना वाहन चालवू नये. आणि वाचन अकस्मात बंद पडले असेल, तर सरावाचा विचार नंतर. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, म्हणून थेट रुग्णालय गाठावे.