विद्यास्थानांचें द्वाररक्षण

आपल्या देशांतील विद्यास्थानांचा इतिहास बहुतांशीं दानलेखांवरून लिहिला गेला आहे. कोणी भूमि दिली, कोणी तेल दिलें, कोणी छात्रांच्या भोजनाची सोय लाविली, हें ताम्रपट व शिलालेख आवर्जून सांगतात. चाळीसगांवाजवळील पाटणें येथील तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख हें याचें उत्तम उदाहरण होय. भास्कराचार्यांचा नातू व सिंघण यादवाचा ज्योतिषी चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ तेथें मठ स्थापिला. निकुंभ राजांनीं त्यास दान दिलें आणि पेठेंतील व्यवहारांवर मठासाठीं लागे बांधून दिले. हें सर्व लेखांत आहे. परंतु त्या मठाच्या दारांत कोण बसे आणि परका मनुष्य आला तर त्यास कोण काय विचारी, याविषयीं लेख मुका आहे. इतर विद्यास्थानांच्या लेखांचीहि हीच गत. दात्याचें नांव दगडावर राहिलें, द्वारपालाचें राहिलें नाहीं. ही उणीव ग्रंथांतरीं विखुरलेल्या पुराव्यावरून थोडीबहुत भरून काढावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें केवळ कुतूहल नव्हे, हें लेखाच्या उत्तरार्धीं स्पष्ट होईल.

प्रथम धर्मशास्त्राचें मत पाहूं. पराशरस्मृतीप्रमाणें गृहस्थानें दारीं आलेल्या अतिथीस गोत्र, चरण वा स्वाध्याय विचारूं नये. त्यास देवासमान मानून जेवूं घालावें. उलटपक्षीं छांदोग्य उपनिषदांत सत्यकाम जाबाल ब्रह्मचर्यार्थ हारिद्रुमत गौतमांकडे येतो, तेव्हां गुरु पहिला प्रश्न गोत्राचाच करतात. वरवर पाहतां हा विरोध दिसतो. पण वस्तुतः तो स्थानभेद आहे. अतिथि जेवून जातो. आश्रमांत येणारा मुलांमध्यें राहतो. जेथें दुसऱ्यांचीं मुलें सांभाळावयाचीं आहेत, तेथें विचारणें हा अनादर नसून कर्तव्य आहे. आलेल्यानेंहि कांहीं मर्यादा पाळाव्या, हें काव्यांवरून दिसतें. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत राजा तपोवनांत शिरण्यापूर्वीं अलंकार व धनुष्य सारथ्याच्या स्वाधीन करतो. उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकांत वाल्मीकींच्या आश्रमीं थोर पाहुणे येतात आणि शिष्टागमनाचा अनध्याय मिळाला म्हणून बटु हरखून जातात. पाहुणा कितीहि थोर असो, त्याच्या येण्यानें पाठ थांबतो, हें भवभूतीच्या बटूंस ठाऊक होतें. शाळातपासणीच्या दिवशीं वर्गांत उभा राहिलेला प्रत्येक शिक्षकहि तें जाणतो.

राजशास्त्राची दृष्टि याहून रोखठोक आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत मुद्राध्यक्षाचें प्रकरण आहे. एक माषक घेऊन तो मुद्रा देई. ज्याच्यापाशीं मुद्रा असेल त्यासच जनपदांत येण्याजाण्याची मोकळीक असे आणि मुद्रेवांचून जाणाऱ्या जानपदास बारा पण दंड होई. नागरकाच्या प्रकरणांत दहा, वीस किंवा चाळीस कुळांमागें एक गोप सांगितला आहे. घरधन्यानें आलेला व गेलेला मनुष्य कळवावा. न कळविल्यास त्या रात्रीं घडलेल्या अपराधाचा दोष त्याजवर यावा, आणि रात्र निर्विघ्न गेली तरीहि तीन पण दंड द्यावा, असा नियम आहे. धर्मशाळा चालविणाऱ्यानें पाखंडी व वाटसरू यांस वर्दी देऊन उतरवून घ्यावें. मात्र तपस्वी व श्रोत्रिय यांस स्वतःच्या खात्रीवर ठेवून घेण्यास मोकळीक आहे. या नियमांतील दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. कांहीं घडलें नाहीं तरी वर्दी न दिल्याचा दोष उरतोच, ही पहिली. विश्वास ठेवण्यास बंदी नाहीं, पण जो विश्वास ठेवील त्यानें त्याचें उत्तर द्यावें, ही दुसरी.

विद्यास्थानाच्या दाराविषयीं प्रत्यक्ष साक्ष ह्युएनत्संगाची मिळते. इसवी सनाच्या सातव्या शतकांत तो नालंदेस राहिला. महाविहाराभोवतीं विटांची भिंत होती. वादार्थ आलेल्या परक्या विद्वानांस द्वारपाल कठीण प्रश्न घाली आणि दहांपैकीं सात-आठ जण तेथूनच परत फिरत, असें तो सांगतो. तिबेटी परंपरेप्रमाणें विक्रमशीलेच्या दारांवर सहा द्वारपंडित नेमलेले असत. ही परीक्षा विद्येची होती, हेतूची नव्हे, हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि दारांत बसविलेला मनुष्य जाणता असावा, ही कल्पना ध्यानीं घेण्यासारखी आहे. आपण आज त्या जागेवर बहुधा सर्वांत कमी वेतनाचा व कोणास न ओळखणारा मनुष्य बसवितों.

दार किती असावींत, याचा विचार मराठी ग्रंथांत आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडास एकच दरवाजा असणें हा दोष मानला आहे. अधिक दरवाजे व चोरदिंड्या कराव्या, त्यांपैकीं नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवाव्या व बाकीच्या चिणून टाकाव्या, असा त्यांचा उपदेश आहे. आंत येण्याची वाट एक असली तर राखण सोपी होते, पण संकटीं बाहेर पडण्याची वाटहि तीच राहते. १६ जुलै २००४ रोजीं तमिळनाडूंत कुंभकोणम् येथील शाळेस आग लागून ९४ मुलें दगावलीं, तेव्हां अरुंद जिन्याची व निघण्याच्या अपुऱ्या वाटेची चर्चा देशभर झाली. शाळेची दिंडी मात्र चिणून चालत नाहीं. ती आंतून तत्काळ उघडेल व बाहेरून कोणास उघडतां येणार नाहीं, अशी असावी लागते.

आतां आमच्या बीडाकडे वळूं. कोतवाली वेस, माळीवेस हीं नांवें शहरांत आजहि रूढ आहेत. जुन्या काळीं पंतोजींची शाळा देवळाच्या ओसरीवर, मठांत किंवा एखाद्या वाड्याच्या सोप्यांत भरे. तिला स्वतःचें दार नव्हतें व तें नाहीं म्हणून कोणाचें अडलेंहि नाहीं. गांवाची वेस, वाड्याची देवडी आणि आळींतील म्हातारी माणसें हीच तिची राखण होती. परका मनुष्य आळींत शिरला तर तो शाळेपर्यंत पोंचण्याआधीं चार ठिकाणीं त्यास "कोणाकडे?" असा प्रश्न होई. पुढें शाळा गांवाबाहेर स्वतंत्र आवारांत गेली. तिला कुंपण मिळालें, फाटक मिळालें. पण वेस, देवडी व आळी मिळून करीत असलेलें काम कोणीं करावयाचें, हें कोणीं ठरविलें नाहीं. भिंत आली आणि ओळख गेली, असें या स्थित्यंतराचें थोडक्यांत वर्णन करतां येईल.

या इतिहासास आणखी एक बाजू आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. गश्ती निशाण ५३ अन्वयें सभासंमेलनांस पूर्वपरवानगी लागे. खासगी शाळा काढण्यासहि परवानगीचें बंधन होतें. १९१७ सालीं अंबाजोगाईस स्थापन झालेल्या योगेश्वरी संस्थेची शाळा अशाच काळांत वाढली व स्वामी रामानंद तीर्थ यांनीं १९३८ च्या सत्याग्रहापूर्वीं तेथें मुख्याध्यापकाचें काम केलें. त्या राजवटींत शाळेंत कोण आलें व काय बोललें, हा प्रश्न मुलांच्या रक्षणार्थ नव्हे, तर राज्याच्या धास्तीपोटीं विचारला जाई. नोंदवहीविषयीं जुन्या शिक्षकांच्या मनांत जो दुरावा होता, त्याचें मूळ येथें असावें, असा आमचा तर्क आहे. म्हणून नोंद कोणासाठीं, हा प्रश्न नोंदीपूर्वीं सुटला पाहिजे. जी मुलाच्या रक्षणासाठीं ठेविली जाते तिची पानें मुलाच्या आईबापांस पाहतां आलीं पाहिजेत.

बीड जिल्ह्यास हा विषय इतरांपेक्षां अधिक जवळचा आहे. येथील सहस्रावधि कुटुंबें दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुलें आजीआजोबांपाशीं किंवा हंगामी वसतिगृहांत राहतात. त्या चार-सहा महिन्यांत शाळेच्या दारीं "मी हिचा चुलता", "मी ह्याचा मामा" म्हणून कोणी आला, तर खरें-खोटें सांगण्यास बाप जवळ नसतो. सुमारें तीस वर्षांपूर्वीं या जिल्ह्यांतील एका खेड्याच्या शाळेंत आम्ही असतांना भर दुपारीं एक अनोळखी इसम तिसरीच्या मुलीस न्यावयास आला व आपण मामा म्हणाला. आम्ही मुलीस हांक मारण्याच्या बेतांत होतों. दारांत बसलेल्या म्हाताऱ्या शिपायानें त्यास मुलीच्या आईचें नांव व माहेर विचारलें. "आलोंच" म्हणून तो गेला, तो पुन्हां आला नाहीं. शिपाई लिहूंवाचूं जाणत नव्हता. पण आमच्या पाहण्यांतला द्वारपंडित तोच. या प्रसंगाची नोंद आम्हीं कोठेंहि केली नाहीं. आज त्यास पुरावा काय, असें कोणीं विचारलें तर दाखवावयास एक ओळ नाहीं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दप्तरांतील उणीवा दाखविणाऱ्यानें आपल्या दप्तरांतील ही उणीव प्रथम कबूल करावी, हें बरें.

तथापि केवळ दार राखून भागत नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूर येथील शाळेंत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें व २० ऑगस्टला लोकांनीं रेल्वे रोखून धरली. आरोप ज्याच्यावर आला तो भिंत चढून आलेला नव्हता. कंत्राटावर सफाईचें काम करणारा, दारांतून रोज येणारा मनुष्य होता. दुसऱ्याच दिवशीं, २१ ऑगस्ट रोजीं शासननिर्णय निघाला. शाळांनीं महिन्याभरांत सीसीटीव्ही कॅमेरे लावावे व त्यांतील चित्रण आठवड्यांतून किमान तीनदां तपासावें, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी करून घ्यावी, तक्रारपेटी ठेवावी, अनुचित प्रकार चोवीस तासांच्या आंत वरिष्ठांस कळवावा, असें त्यांत सांगितलें आहे. सखी सावित्री समित्यांचा निर्णय त्यापूर्वींच मार्च २०२२ मध्यें झाला होता. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा २०१२ चा कायदा तर असा गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर वर्दी देण्याचें बंधन घालतो. कौटिल्याच्या घरधन्यावर जो भार होता, तोच हा. कॅमेरा पाहतो, पण विचारीत नाहीं. आणि त्यानें पाहिलेलें कोणीं पाहिलें नाहीं, तर तो दगडाच्या द्वारपालासारखाच ठरतो.

एकंदर पुराव्यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, विद्यास्थानाचें रक्षण तीन गोष्टींवर अवलंबून असतें: दारांत ओळख जाणणारा मनुष्य, येण्याजाण्याची लेखी नोंद, आणि चुकल्यास कोणीं उत्तर द्यावयाचें हें आधीं ठरलेलें नांव. आंतल्या माणसासहि हे तिन्ही नियम लागूं पडले पाहिजेत. भिंत व यंत्र यांचा उपयोग या तिहींच्या साह्यार्थ आहे, त्यांच्या जागीं नाहीं.

शेवटीं पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या आमच्या वाचकांस एक विनंती. जुन्या शाळांच्या कपाटांत शेरेबुकें, हजेरीपट, आवकजावकीच्या वह्या धूळ खात पडल्या आहेत. शाळेंत कोण आलें, केव्हां आलें, कशासाठीं आलें, याचीं तीं अस्सल साधनें होत. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावींत, त्यांच्या नकला कराव्या व मंडळास कळवावें. मात्र त्यासाठीं कोणत्याहि शाळेंत जाल तेव्हां पत्र पाठवून वेळ ठरवावी, फाटकाशीं थांबावें, नांव, गांव व काम नोंदवहींत लिहावें, आणि शिपायानें दोन प्रश्न अधिक विचारले तर राग मानूं नये. राजा दुष्यंतानेंहि धनुष्य बाहेरच ठेविलें होतें.